उलटा चिमटा

फेरीबोटीतून उतरले तेव्हा समुद्र अर्धा गोठलेला.
पिशवीत सहा डबे, काडेपेटीहून थोडे जाड:
एक मेंदू, तीन वीज मोजणारे, एक तापमानाचा,
आणि एक असू दे म्हणून.

लोकरीची गिरणी सारेमा बेटावर, चर्चच्या मागे.
मालक हाइनो. बिलांचा गठ्ठा त्याने
गिरणीच्याच करड्या दोऱ्याने बांधून ठेवलेला.
"हे बघ," म्हणाला, "आणि सांग, कोण खातंय?"

पट्टीवर डबे बसवले. टक्. टक्.
प्रत्येकाच्या कुशीत सोनेरी दात,
शेजाऱ्याच्या कुशीत रुतले की दिसेनासे होतात.
मग तीन तारा, तीन चिमटे.
चिमट्यावर बाण असतो:
वीज जाते तिकडे त्याचं तोंड हवं.
बोटं बधिर, टॉर्च दातांत,
दोन नीट लागले. तिसरा उलटा.

पडद्यावर तिसऱ्या रकान्यात आलं:
उणे दोन हजार एकशे चाळीस.
हाइनोने चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हणजे गिरणी वीज पिकवते?"
नाही, मी चुकले.
"थांब, राहू दे जरा.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा कंपनी माझं देणं लागतेय."
कॉफी झाली, काळ्या पावाचे तुकडे झाले.
दिवस मावळल्यावर मी चिमटा फिरवला.

नोंद किती वेळाने घ्यायची?
मिनिटाला एक, तर पिंजणयंत्र सुरू होतानाचा हिसका
सरासरीत विरघळून जातो,
वर्षभर घरात भांडणं व्हावीत
आणि डिसेंबरात म्हणावं, तसं बरं गेलं.
सेकंदाला एक, तर कार्ड नऊ दिवसांत भरणार.
दहा सेकंदांवर मिटवलं.

दोन आठवड्यांनी परत आले. आलेख उघडला.
रोज रात्री दोनला एक टेकडी,
अठराशे वॅट उंच, दोन तास रुंद,
माथा सुरीने कापल्यासारखा.
हाइनो म्हणाला, बॉयलरचा पंप.
त्याचा मुलगा तारमो म्हणाला, शेजाऱ्यांनी तार टाकलीय,
मला त्यांचा कधीपासूनच संशय.
मी म्हटलं, सुतावरून स्वर्ग नको.
तशी तिथे सुताची कमी नव्हती.

पंपाला चौथा चिमटा लावून
रात्रभर गिरणीतच पडून राहिले, गोणींवर.
पंप गाढ झोपलेला. दोन वाजले, आलेख सपाट.
डोळा लागला माझा.
सकाळी पाहते तर टेकडी जागच्या जागी, दोनच्या घरात.

तेव्हा कुठे डब्याचं घड्याळ तपासलं.
ते ग्रिनिचची वेळ दाखवत होतं,
खोक्यातून निघालं तसंच.
इथली वेळ दोन तास पुढची.
रात्रीचे दोन नव्हेतच. पहाटेचे चार.

वाइके दारात उभी होती, मघापासून असावी,
कमरेवर पेळूंची टोपली.
"हीटर," ती म्हणाली. "पिंजणाच्या पायाशी लावते.
गार लोखंडावर लोकर तुटते.
तू घोरत होतीस, उठवलं नाही."
आणि हाइनोकडे न बघता:
"सहाला तुम्ही येता तेव्हा यंत्र कोमट असतं.
तुम्हाला वाटतं, ते असतंच तसं."

हाइनोने बिलांचा दोरा सोडला,
पुन्हा बांधला, गाठ जरा वेगळी.
तारमो खिडकीतून शेजाऱ्यांचं छप्पर पाहू लागला.
पाचव्या रकान्याला नाव काय देऊ, मी विचारलं.
"हीटर लिही. माझं नाव कशाला बिलात."

निघताना तिनेच विचारलं, हे किती दिवस टिकतं?
चौऱ्याण्णव. मग कार्ड भरतं,
आणि सर्वांत जुना दिवस पुसून
त्या जागी नवा लिहिला जातो.
"म्हणजे आधी कुठला जाणार?"
पहिला. तो उण्याचा.

हाइनो पायरीवरचा बर्फ ओढत होता. फावडं थांबलं.
"तेवढा काढून ठेव कुठेतरी," म्हणाला.