कोण गेलं?

धारणीला बदली झाली त्या वर्षी
अमरावतीत घर बांधत होतो.
दिवाणखान्याची एक भिंत रिकामी.

गावाबाहेर मोहाखाली
सागाच्या फळ्या पाहिल्या होत्या उभ्या:
चंद्र, सूर्य, घोड्यावरचा माणूस,
कडेनं दातेरी नक्षी.
वहीत उतरवून घेतलं सगळं, मापासकट.

मुंगीलाल कासदेकरला म्हटलं,
अशीच एक करून दे, पैशाची काळजी नको.

त्यानं वही उलटीसुलटी धरून बघितली.
चित्र चांगलं काढता, मास्तर.
मग आवाज खाली आणून,
घरी कोण गेलं तुमच्या?

कोणी नाही रे, शोभेला.

तो पटाशीची धार अंगठ्यानं पाहत राहिला.
आत बायकोनं चुलीत फुंकर घातली, दोनदा.
नाव लागते, म्हणाला,
नावाबिगर घोडा कोठी जाईन?

पंधरा दिवसांनी शाळेत आला
वर्तमानपत्रात गुंडाळलेला सागाचा डाव घेऊन.
चाळीस रुपये मोजून घेतले,
चहा नको म्हणाला.

भिंतीवर आता कॅलेंडर आहे.
वरण वाढताना पाहुणे डाव हातात घेऊन बघतात.
दांड्यावर घोडा आहे,
पाठीवर कोणी नाही.