तळपाय

जालना एमआयडीसी, रात्रीचे सव्वादोन.
बोनेटवर रोलिंग मिलचा तांबूस उजेड.
झेनच्या मागच्या सीटा काढल्यात,
स्टेपनी घरी, पलंगाखाली.

पहिल्यांदा नुसती रेस दिली:
टायर किंचाळलं, धूर झाला,
गाडी होती तिथंच.
वाजेद मिस्त्री बिडी झटकून म्हणाला,
"कामून घाई करतो?
रबर जाळून कुठं पोचला?
क्लच कुठं चावतो ते तळपायाला इचार."

बूट काढला.
पेडलचं रबर दिवसाच्या उन्हानं अजून कोमट.
काटा तीन हजारावर थरथरत ठेवला
आणि पाय सोडला नाही, उसवला,
एकेक टाका.

कधी निघालो कळलंच नाही.
आरशात मिल काडीपेटीएवढी झाली,
मिस्त्री तिथंच,
हातात मोबाइलचं घड्याळ,
सुरू करायचं विसरलेलं.