गालांनी चालणारा माणूस

मीरवली आका अकॉर्डियन दुरुस्त करतो.
जन्मापासून आंधळा. काठी आहे हातात,
पण ती कुत्र्यांसाठी, असं त्याचं म्हणणं.
ताश्कंदच्या आमच्या रस्त्यावर
तो गालांनी चालायचा.

बेकरीपासून नऊ चिनार : नऊदा गाल निवायचा.
मग एक उघडा चटका, म्हणजे शाळेचं फाटक.
मग चार तुती, विरळ, ऊन गाळून देणाऱ्या,
त्यांच्या बुडाशी पाटाचं पाणी, घोट्याला गारवा,
आणि तिसऱ्या तुतीपाशी डावीकडे वळलं
की माझा तंदूर.
"आलो गं," म्हणायचा,
मी हाक मारायच्या आत.

मी तंदूरवाली. उष्म्यातलं मला कळतं.
अर्धं अंग आत घालून सोमसे चिकटवते भिंतीला.
बाहेर डोकं काढलं की चिनाराखालची हवा
ओल्या पंच्यासारखी पडायची मानेवर.
पानं पाणी सोडतात म्हणून, असं शाळेतली नात सांगते.
असेल. मला मान पुरेशी होती.

मार्चमध्ये करवती आल्या. दोनच दिवस.
तिसऱ्या दिवशी रस्ता रुंद,
आणि जो तो म्हणतोय, केवढा उजेड!
उजेड
घेऊन आका काय करणार होता?

जूनअखेर चिल्ला लागला, चाळीस दिवसांची तलखी.
डांबर बुटांना सोडेना.
बेकरीपासून निघालेला आका
रस्त्याच्या मधोमध उभा राहिला,
अकॉर्डियन पोटाशी, तोंड इकडे, तोंड तिकडे,
खिशातली किल्ली चाचपणाऱ्या माणसासारखा.
भोंगे वाजत होते. मी पिठाच्या हातांनी धावले.
दंडाला धरून आणला तर विचारतो,
"तुझा तंदूर कुठे गेला?"

सगळा रस्ताच तंदूर झाल्यावर
माझा कसा सापडावा?

यंदा रोपं लावलीत. बोटाएवढी खोडं, बांबूंना बांधलेली.
मी भांडी विसळलेलं पाणी नेऊन ओतते,
सून हसते.
भर दुपारी आका येतो माझ्या खांद्यावर हात ठेवून,
एकेका रोपापाशी गुडघा टेकतो,
तळवा धरतो जमिनीच्या वीतभर वर.
सहा ठिकाणी मान हलवली. नाही.
सातव्याशी थांबला. बोटं उघडली, मिटली,
पट्टी बेसूर आहे का, ते ऐकतो तसा.

"तळहाताएवढी आहे," म्हणाला.
"कोणाला सांगू नकोस."