गाडीचा नंबर

अकरा मंगळवार मी गाडीतच बसून होते.
वेकफिल्डच्या लेझर सेंटरसमोर,
हीटर चालू, बूट नवे,
सीटबेल्टला मागवून घेतलेला जोडपट्टा.
समोर काचेची भिंत, तिच्यामागे माणसं पळत होती
कुठेही न पोचता.
त्यांची भीती नव्हती, काचेची होती.

लहानपणी मी बाळसेदार.
मग गुटगुटीत.
बघायला आलेल्यांसमोर खात्यापित्या घरची,
लग्नानंतर, 'सासर मानवलं हो वैजूला'.
पुढे कुणाच्याशा मुंजीत, भर पंगतीत
नवऱ्याचे मामा म्हणाले, हिला दोन पाट मांडा रे.
सगळे हसले.
सगळ्यांत मोठ्याने मी हसले.
ते हसू अजून कुठेतरी अंगातच आहे,
वजनकाट्यावर त्याचेही दोन-तीन किलो भरत असतील.
इथल्या डॉक्टरीणबाईंनी विशेषण लावलंच नाही.
नुसता आकडा सांगितला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाराव्या मंगळवारच्या आधी पोस्टाने पाकीट आलं.
सत्तर पौंड दंड.
सोबत कॅमेऱ्याने काढलेले फोटो:
गाडी आत येताना, पाच बावन्न.
बाहेर जाताना, सहा एकेचाळीस.
काचेमागे एक गोल काळोख. ती मी.
कारण: सेंटरचा वापर न करता
सेंटरच्या जागेत थांबणे.
माझं इतकं नेमकं वर्णन
आजवर कुणी केलं नव्हतं.

सत्तर पौंडांपुढे लाज टिकत नाही,
निदान कारखानिसांच्या घरात तरी.
मी पाकीट घेऊन आत गेले.
काउंटरवर ब्रॅडली नावाचा पोरगा,
त्याने पाकीट पाहिलं, मला नाही.
'नंबर इथे टाकायचा असतो, लव्ह. गाडीचा.
मेंबर असाल तर दंड रद्द.'
मेंबर व्हायला महिन्याला सत्तावीस.
उभ्या उभ्या हिशेब केला, त्रेचाळीस वाचत होते.

मग ते फिरकीचं दार.
मी नजरेनेच त्याचं माप घेतलं,
त्याने माझं.
तेवढ्यात, स्क्रीनवरची मान वर न करता,
ब्रॅडलीने शेजारचं बाबागाड्यांचं फाटक उघडलं.
काही विचारलं नाही.
त्या न विचारण्याची परतफेड कशी करतात,
मला अजून सुचलेलं नाही.

ट्रेडमिलच्या कडेला स्टिकर: कमाल एकशे ऐंशी किलो.
म्हणजे कुठल्यातरी कारखान्यात बसून
कुणीतरी मला धरून हिशेब केला होता,
वर थोडी जागाही सोडली होती.
शेजारी कार्डिगन घातलेल्या एक आजी
सायकलवर बसून, पेडल अजिबात न मारता
फोनवर भाचीशी भांडत होत्या.
पलीकडचा पळणारा पळत राहिला.
कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही.
आधी बरं वाटलं.
मग, खरं सांगते, रागच आला.
अकरा मंगळवार मी
कुणापासून लपले होते?

मुठी घट्ट धरल्या तर यंत्र नाडी सांगतं.
एकशे एकेचाळीस.
त्यात भीती किती, चालणं किती,
हे वेगळं काढून दाखवायची सोय नाही.
चार मिनिटं. एकशे साठ मीटर.
माहेरच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत
एवढंच असेल,
तेही डब्याशिवाय.

खाली उतरले तर दुसरी नाडी सुटलेली, बुटाची.
ती बांधायला मला भिंत लागते, बाक लागतो,
आणि आसपास कुणी नसावं लागतं.
त्या दिवशी आजी होत्या.
पाय बाकावर ठेवला, श्वास रोखला, बांधली.
आजी फोनवर म्हणत होत्या,
'आणि तो सोफा माझाच आहे, कळलं?'

निघताना ब्रॅडली म्हणाला,
पुढच्या वेळी आल्या आल्या नंबर टाका हं.
पुढच्या वेळी, असं अगदी सहज.

गाडीत बसले. जोडपट्टा लावला.
बाहेर काचांवर दव धरत होतं.
हीटर लावायचा राहिला होता,
आणि हे मला
घराच्या वळणाशी आल्यावर कळलं.