किती टक्के

बटाट्याच्या मोसमात यार्डात
माझ्या पेनाला उसंत नसते.
वजन, तूट, हमाली, तोलाई,
आणि बेरजेच्या रेघेवर, शेवटी, कमिशन.
पावती कानडीत छापलेली,
आकडे मी मराठीत घालतो.
सावकार बघतो आणि बघत नाही.

परवा उचगावहून फोन आला,
वैजूला मिलिटरीत कमिशन मिळालं.
पोत्यावर टेकलेल्या भरमाकाकाला सांगितलं
तर चांगला कान पुढं करून म्हणाला,
‘किती टक्के?’
हमाल पाठीवरचं पोतं तसंच धरून हसले.

काकाला ठाऊक असलेलं कमिशन निराळं.
तो मिसरूड फुटायच्या वयाचा,
गाव कुणाचं ते ठरवायला कमिशन येणार म्हणून
गाड्या जुंपल्या, कागद बांधले.
घरात कागद नव्हता.
मग आईचा तांब्याचा हंडाच उचलला,
काठावर मराठीत कोरलेलं : भागीरथी मष्णू.
रात्री चिंचेनं घासून ठेवलेला.
साहेबानं विचारलं म्हणे, घरात भांडता कुठल्या भाषेत?
काका म्हणाला, बैलांशी मराठीत, अडत्याशी कानडीत.
ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.
हंडा मात्र कुणीतरी आत नेला, पुरावा म्हणून.

कॅम्पातले म्हातारे फादर मिनेझिस
दर शनिवारी पाच किलो बटाटे नेतात, घासाघीस न करता.
त्यांना विचारलं हा शब्द कुठला.
पिशवी खाली ठेवून म्हणाले, लॅटिन.
कोम म्हणजे सोबत, मित्तेरे म्हणजे धाडणं.
विश्वासानं कुणाच्या हाती काही सोपवून धाडणं.
मिशन त्यातलंच. मिसाईलही.
‘आणि तुमची ती कमिटी, तीही ह्याच घरातली.’
मी म्हटलं, फादर, आम्ही तिला समिती म्हणतो,
माझी दोन वर्षांची वर्गणी थकलीय.

संध्याकाळी काकाला हे सगळं समजावलं,
निम्मं ओरडून.
तो बराच वेळ बोटानं सुतळी गुंडाळत राहिला.
शेवाळलेल्या आडात बघावं तसं माझ्याकडं बघितलं,
‘धाडायचा शब्द हाय तर.
परत आणायचा नव्हं.’

उद्या वैजू निघते. आधी दिल्ली, पुढं कुठं ते कळेल.
काकाचा निरोप मी पावतीमागं लिहून घेतलाय :
सरकारी कपाटं, अडगळी, जिथं जाशील तिथं बघ.
तांब्याचा. काठाला पोचा आहे.
नाव वाचता येईल तुला.