भरीव

साठीला टेकलेला आदेलिनु
संगणकासमोर बसतो, चष्मा कपाळावर.
चाळीस वर्षं बुटांचे लाकडी साचे तासले,
आता कारखान्याला पडद्यावरचे हवेत.

"हे नुसतं कवच नाही," झसिंता सांगते, मुलीच्या वयाची,
"आतपर्यंत भरलंय. साखरेच्या खड्यांसारखे
चौकोनी दाणे. कुठूनही खणा,
पोकळी लागायची नाही."
हे त्याला पटतं.
लाकूडही असंच.

पण इथे रेषा नाहीत, गाठ नाही,
उलट्या अंगानं तासलं तरी ढलपी उडत नाही.
टाच जरा जास्तच खाल्ली जाते.
ती एक कळ दाबते, टाच परत येते.
तो बराच वेळ त्या टाचेकडे बघत राहतो.
त्याच्या डाव्या अंगठ्याचं टोक
सत्त्याऐंशी साली गेलं, ते गेलंच.

दाण्याची बाजू अर्धी केली की दाणे आठपट:
हे तो पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडून बघतो.
खरं निघतं.
यंत्र तापतं, घरघरतं; झसिंता खिडकी उघडते,
साऊं झुआंवच्या गल्लीतून चामड्याचा वास आत येतो.

मग आरसा. डावा पाय घडवा,
उजवा आपोआप.
"बंद कर ते," तो म्हणतो.
"एर्मेलिंदाबाईंचा उजवा पाय अर्धा नंबर मोठा,
आणि अंगठ्याच्या मुळाशी ऑलिव्हएवढा उंचवटा."

तो उंचवटा चढवतो, घासतो,
पुन्हा थोडा चढवतो,
आणि झाल्यावर सवयीनं
पडद्यावर फुंकर मारतो.

झसिंता हसते.
काचेवरची थोडी धूळ
खरंच उडालेली असते.