ओकु

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
इंगवले सरांनी फळ्यावर लिहिलं : ओकु.
अन्वर मुल्लाणी फिस्सकन हसला.
"ओकायचं नाही रे, ठेवायचं," सर म्हणाले,
आणि डस्टर उचलून टेबलावर ठेवलं.

मग त्याच्या आधी दुसरं क्रियापद आणून बसवलं.
कात्ते ओकु. घेऊन ठेवणे.
शिराबेते ओकु. चौकशी करून ठेवणे.
पुढं लागणार म्हणून आत्ताच.
बोलताना तिकडची माणसं अर्धं गिळतात म्हणे, कात्तोकु,
जशी आमची आत्ती वरनं ओरडते : घिऊन ठिव गं!

ईत्ते ओकु म्हणजे सांगून ठेवणे,
आणि तिकडंही ती जरा धमकीच असते.
आम्ही सगळेच खूश.
एवढ्या लांबची भाषा, आणि उंबऱ्यात चपला आपल्याच.

घरी करायला पाच वाक्यं.
आईनं वर्षाची चटणी कांडून ठेवली.
मी पासपोर्टच्या झेरॉक्स काढून ठेवल्या.
तिसरं तिकिटाचं, चौथं असंच कायतरी, छत्रीचं.
पाचव्यावर अडले.

पप्पा महिनाभर या विषयावर बोललेले नाहीत.
काल कामावरनं आले, नखांत काळी वाळू,
दारातच बसून म्हणाले,
"सांगून ठिवतो पोरी, तिकडं गेलीस की तू…"
तेवढ्यात नळाला पाणी आलं.
उठले, बादली लावली, मग दुसरी.
वाक्य तिथंच.

आपलं काय, त्यांचं काय, क्रियापद शेवटी येतं.
तोवर कळत नाही
जा म्हणतायत की नको.

सर म्हणाले होते, आकेते ओकु दोनदा शिका :
खिडकी उघडी ठेवणे, जागा मोकळी ठेवणे.
आवाज एकच, अक्षर वेगळं.
मला उद्यमनगरातला साचा आठवला.
पप्पा वाळू ठोकून ठोकून बसवतात,
मधे नेमकी तेवढी पोकळी ठेवतात,
लोखंड नंतर येतं.

पाचव्या ओळीत मी त्यांचंच वाक्य उतरवलं,
शेवटी दोन बोटं जागा सोडून.
वही परत आली. लाल शाईत :
चौगले-सान, क्रियापद कुठाय?

खाली पेन्सिलीनं लिहिलं,
आकेते ओकिमाशिता.